लपवलेली वायर

पुण्याहून नगर रस्त्याने खराडी सोडली, वाघोलीहून केसनंदकडे वळलं, की याझाकी या जपानी कंपनीचा कारखाना लागतो. तिथे गाड्यांचं वायरिंग, म्हणजे हार्नेस, बनतं. हार्नेस जगात कुठेही बनो, पद्धत बहुतेक एकच: लांब फळी, फळीवर खुंट्या, खुंट्यांमधून एकेक वायर हाताने ओढायची आणि टेप गुंडाळत जायचं. गाडीचं वेल्डिंग रोबोट करतो, रंगही रोबोट देतो. पण लुळी वायर धरून वळवायला अजून माणसाचीच बोटं लागतात.

त्याच रस्त्यावर अलीकडे, खराडी-चंदननगरच्या पट्ट्यात, हौशी मंडळी नेमकं उलटं काम करून घेतात. फळीवर बांधलेला हार्नेस सोडवायचा, नको ते काढायचं आणि उरलेलं अशा वाटेने न्यायचं की बॉनेट उघडल्यावर इंजिन दिसावं, वायर दिसू नये. आठवडाभर इऑन आयटी पार्कमध्ये कोड लिहायचा आणि शनिवार-रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी होंडा सिटी उघडून बसायचं, ही जमात इथे नवी नाही.

ही फॅशन मुळात अमेरिकेतल्या होंडा सिव्हिकवाल्या पोरांची. तिकडे तिला ‘वायर टक’ म्हणतात. त्यातले कट्टर तर इंजिन बेमधली रिकामी भोकं वेल्ड करून बुजवतात आणि वर आरशासारखा रंग चढवतात. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेली पहिली सिटी, विशेषतः तिची व्हीटेक, या वेडाची आवडती गाडी. पण हे काम खरं कळतं ते फियाटवर, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवर.

पद्मिनीच्या बॉनेटखाली लपवण्यासारखं असतं तरी काय? कॉइल, डिस्ट्रिब्युटर, डायनमो किंवा अल्टरनेटर, सेल्फ, हॉर्न, पुढचे दिवे, ऑइल प्रेशरचा स्विच. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा सगळं वायरिंग एका मुठीत मावत होतं. आज जे भेंडोळं दिसतं ते कंपनीचं नव्हे, मधल्या चाळीस वर्षांत आलेल्या वायरमनांचं. कुणी फॉग लॅम्प लावला, कुणी म्युझिकल हॉर्न, कुणी रिव्हर्सला गाणं म्हणणारा बझर. वस्तू कधीच निघून गेली, वायर तशीच राहिली. पुढच्याने मागच्याचं काढलं नाही. त्याच्यावर आपलं चढवलं. त्यामुळे चांगल्या कारागिराचा पहिला टप्पा लपवण्याचा नसतोच, तो वजाबाकीचा असतो.

जुना टेप ब्लेडने उभा चिरला की गोंदाचं चिकट काळं पाणी हाताला लागतं. आत मात्र वायरींचे मूळ रंग शाबूत सापडतात. उघड्यावरच्या वायरी एव्हाना सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झालेल्या असतात. हे रंग म्हणजे कंपनीने ठेवलेला पत्ता. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी लावायची, पेनने नाव लिहायचं, मोबाइलवर फोटो काढायचा. जो हे न करता पक्कड हातात घेतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

मग रिले. पुढच्या दिव्यांचे साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बऱ्याचदा डॅशबोर्डपर्यंत जाऊन, स्विचमधून फिरून परत पुढे येतो. वाटेत व्होल्टेज पडतो, दिवा पिवळा पडतो आणि स्विच तापतो. पुढे रिले बसवला की स्विचकडे फक्त इशाऱ्यापुरती बारीक वायर जाते. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि चंदननगरचा वायरमनही ते डोळे मिटून सांगतो: तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा. रिले आणि श्रिंक स्लीव्ह बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, स्पेअर पार्ट नाना पेठेत, आणि बंद पडलेल्या मॉडेलचा कपलर नशिबात असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात.

जोड सोल्डरचा की क्रिंपचा, यावर गॅरेजात तासभर वाद रंगतो. माझं मत क्रिंपच्या बाजूने. सोल्डर वायरीत मुरतं, तिथे ती काडीसारखी ताठ होते आणि इंजिनच्या थरथराटाने बरोबर त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. क्रिंप मात्र योग्य थिंबलवर, योग्य हत्याराने हवा. पक्कडीने चेपलेलं थिंबल हा क्रिंप नव्हे. वायरही गाडीचीच हवी. घराच्या फिटिंगची वायर बॉनेटखालच्या उष्णतेसाठी आणि तेलासाठी केलेली नसते. मॅनिफोल्डजवळ तिचं आवरण आधी मऊ होतं, मग कडक होऊन तडकतं.

वायरीची वाट मात्र खरी परीक्षा घेते. फेंडरच्या आतली पोकळी ही लपवायची लाडकी जागा. पण तिथेच चाक चिखल उडवतं आणि तिथेच पत्र्याची धारदार कड असते. भोकात रबरी ग्रोमेट बसवला नाही तर खराडी बायपासच्या खड्ड्यांनी काही महिन्यांत आवरण घासून तांबं पत्र्याला टेकतं. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे सेन्सरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन, आल्यावर आणखी एक पथ्य वाढलं: क्रँक सेन्सरची वायर आणि प्लगची हाय टेन्शन वायर एका स्लीव्हमध्ये कोंबायची नाही. दिसायला एकदम सुबक, पण गाडी मिसफायर मारते आणि कारण कुणाला दिसत नाही.

बॅटरी डिकीत नेणं हा या छंदातला सगळ्यात मोठा मोह. पुढे जागा मोकळी होते, फोटो झकास येतो. हिशोब असा: पाच मीटर लांब, १६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल; सेल्फने १५० अँपिअर ओढले तर केबलमध्येच सुमारे ०.८ व्होल्ट खर्ची पडतो. केबल ३५ ची घेतली तर तोच आकडा ०.४ च्या आत येतो. थंडीतल्या पहाटे गाडी उचलते की नाही, ते यावर ठरतं. त्याहून गंभीर म्हणजे फ्यूज. ही केबल सीटखालून अख्खी गाडी पार करते. बॅटरीजवळ फ्यूज नसेल आणि ती वाटेत कुठे पत्र्याला टेकली, तर बॅटरीतली सगळी ताकद त्या एका ठिणगीत उतरते. मेन फ्यूज नसलेली देखणी गाडी मला तरी देखणी वाटत नाही.

खराडीचा खास शत्रू उंदीर. टॉवरच्या शेजारी रिकामे प्लॉट, पलीकडे मुळा-मुठेचा काठ, खाली बेसमेंट पार्किंग. चार दिवस गाडी उभी राहिली की कोमट इंजिनशेजारी बिऱ्हाड थाटलं जातं. उघड्यावरची कुरतडलेली वायर निदान दिसते. फेंडरमध्ये लपवलेली शोधायला बंपर उतरवावा लागतो.

म्हणून रोज कामावर न्यायच्या गाडीत सगळं लपवण्याचा हट्ट करू नये. नको त्या वायरी काढा, उरलेल्या एका रेषेत बांधा, कापडी टेप गुंडाळा, कपलर हाताला येईल असा ठेवा आणि वायर दोन बोटं जास्त सोडा, म्हणजे उद्या थिंबल बदलता येईल. एवढ्याने बॉनेटखाली नव्वद टक्के शोभा येते. उरलेले दहा टक्के प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला शोभतात.

गाडी कामाला टाकणार असाल तर पैशांचं बोलण्याआधी वायरमनला दोन गोष्टी विचारा: मेन फ्यूज कुठे बसवणार, आणि नव्या वायरिंगचा नकाशा कागदावर काढून देणार का? दुसऱ्या प्रश्नावर तो नुसताच हसला, तर किल्ली परत मागून घ्या.