लोणारच्या गाळात मुरलेला पाऊस

लोणारच्या सरोवरात पाणी शिरायला वाटा बऱ्याच. बाहेर पडायला एकही नाही. कड्याजवळची धार वाहत असते, काठचे झरे झिरपतात, पावसाळ्यात विवराच्या उतारावरचे ओहोळ माती घेऊन खाली येतात. बेसॉल्टमध्ये उल्काघाताने पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. त्यातलं पाणी घटतं ते मुख्यतः वाफ होऊन. पाऊस बरा झाला की पातळी चढते, पावसाने दडी मारली की उतरते आणि उरलेलं पाणी अधिकच खारट होतं. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि ते फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले, त्याचं कारण हेच. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात रमणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांना बरकत आली, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं.

तो रंग पावसाळ्यात ओसरला. मात्र आटण्या-भरण्याचा जुना हिशोब तळच्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या गाळात शिल्लक आहे. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून गाळ उकरणारे किडेही नाहीत. थर बसला की बसला.

भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल काढला. तराफ्यावरून पोकळ नळी टप्प्याटप्प्याने खाली दाबायची, आत अडकलेला गाळ न हलवता वर घ्यायचा आणि प्रयोगशाळेत उभा चिरून दोन फाका करायच्या. दहा मीटरांत अकरा हजारांहून अधिक वर्षं मावली आहेत, म्हणजे सरासरी वर्षाला मिलिमीटरभरही नाही. वय ठरवायला गाळात पडलेलं पान किंवा काटकी मिळाली तर उत्तम. सरोवराच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या चिखलाचं कार्बन-वय फसवं निघतं.

मग एकेक साक्षीदार बोलावायचा. परागकणांचं कवच असं चिवट, की भोवतालचे मातीचे कण विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरलं तरी ते टिकतं; त्यावरून काठी कोणती झाडं होती ते कळतं. पानांवरचं मेणही टिकतं. ज्वारी-बाजरीच्या कुळातली उन्हाळी गवतं झाडांपेक्षा वेगळ्या रीतीने कार्बन घेतात, त्यामुळे त्यांच्या मेणात जड कार्बनचं प्रमाण थोडं जास्त असतं. जंगल मागे हटून गवत पसरलं, की मेण ते सांगतं.

लोणारचा सगळ्यात बोलका साक्षीदार मात्र दगडी आहे. गाळाच्या दोनच पट्ट्यांत गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. हे सोडियम आणि कॅल्शियमचं पाणी धरून ठेवणारं कार्बोनेट. नेहमीच्या खारट पाण्यात कॅल्साइट तयार होतो. गेलुसाइट होण्यासाठी पाणी आटून सोडियम फारच दाट व्हावं लागतं. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या पट्ट्या आहेत सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. दीर्घकाळ रेंगाळलेल्या अवर्षणाच्या या खुणा.

इथेच घाई होते. पहिली पट्टी दिसली, की सिंधू संस्कृती दुष्काळाने बुडाली असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण इसवीसनपूर्व सुमारे २६०० ते १९०० हा तर हडप्पाच्या नगरांचा भरभराटीचा काळ! शहरं उभी राहत होती तेव्हाच लोणारचं पाणी आटत होतं. हरियाणातल्या कोटला डहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींचे शंख सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मान्सून एकाएकी क्षीण झाल्याचं सांगतात. हडप्पापुरता तो पुरावा मला अधिक जवळचा वाटतो. बुलढाण्याच्या खड्ड्यावरून सिंधचा पाऊस मोजू नये.

दुसरी पट्टी तर आपल्याच दारातली. या चौदाशे वर्षांत वत्सगुल्मला, म्हणजे शेजारच्या वाशीमला, वाकाटकांची राजधानी होती. अजिंठ्याची उत्तम लेणी याच काळातली, देवगिरीचे यादवही याच काळातले, आणि खुद्द लोणारचं दैत्यसूदन मंदिरही. एवढ्या कोरड्या काळात हे सगळं कसं झालं? गाळ शतकांचा एकूण कल सांगतो. त्यात अधूनमधून पिकलेली वर्षं आणि लोकांनी बांधलेली तळी वेगळी दिसत नाहीत. १९७२ चा दुष्काळ ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकलेला आहे, पण या दंडगोलाच्या सरासरीने त्याचा वाटा मिलिमीटरहून कमी.

वरचे थर वाचणं आता आणखी अवघड झालं आहे. गावाचं सांडपाणी सरोवरात उतरत आलं आहे, त्यामुळे पाऊस आणि पातळी यांचं जुनं गणित जुळत नाही. पुढे कुणी हा गाळ काढला, तर भरलेलं सरोवर पाहून ते चांगल्या पावसाचं वर्ष समजेल. अर्थात त्याने नायट्रोजन तपासला नाही तर. मैल्यातला जड नायट्रोजन गाळात वेगळा ओळखू येतो.