मधल्या खंडाची संथ गती : ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’च्या संदर्भात

बहुखंडी अद्भुतरम्य कादंबरीत मधल्या खंडाचे स्थान अडचणीचे असते. आरंभाचे नावीन्य त्याला लाभत नाही आणि अंताची परिपूर्तीही त्याच्या वाट्याला येत नाही. त्यातच घटनांचा वेग मंदावला, तर तो खंड दोन टोके जोडणारा दुवा एवढाच मानला जातो. उर्सुला ल ग्वीन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) ही दुसरी कादंबरी या समजाची फेरतपासणी करावयास लावते.

पहिल्या खंडात (१९६८) मांत्रिक गेड आपल्याच छायेच्या मागावर बेटांमागून बेटे ओलांडतो. तिसऱ्यात (१९७२) तो मृतांच्या प्रदेशापर्यंत जातो. मधल्या खंडात बराच काळ समुद्र दिसतच नाही. वाळवंटातील थडग्यांचे स्थान, भोवतालची भिंत आणि जमिनीखालील भुयारांचा भुलभुलैया, एवढाच येथला अवकाश. बारा प्रकरणांपैकी पाचव्यात गेड प्रथम दिसतो, तोही नायिकेच्या नजरेतून.

ही नायिका म्हणजे तेनार. दिवंगत पुजारिणीचा पुनर्जन्म मानून तिला बालपणीच घरातून आणले जाते. तिचे नाव हिरावून घेऊन ‘अर्हा’, म्हणजे ‘भक्षिली गेलेली’, हे नाव दिले जाते. तेच विधी, अंधारातील तेच मार्ग पाठ करणे, या पुनरावृत्तीतून तिची सत्ता हाच तिचा बंदिवास असल्याचे वाचकाला जाणवत जाते. येथे संथपणा हा आशयाचाच घटक आहे. तीन कैद्यांना अन्नपाण्यावाचून मारण्याची आज्ञा दिल्यानंतर अर्हा दुःस्वप्नांनी ग्रासली जाते. म्हणूनच भुयारात कोंडलेल्या गेडला ती जिवंत ठेवते, तेव्हा तो निर्णय तिच्या अंतर्यामातून आलेला वाटतो. वेगवान कथानकात ती केवळ कलाटणी ठरली असती.

सुटका झाली तरी संघर्ष संपत नाही. तेनार गेडला मारण्यासाठी सुरी हाती घेते; वाया गेलेल्या वर्षांसाठी रडते. मुक्तीचा भारही पेलावा लागतो, हे सत्य ल ग्वीन पराक्रमाच्या जल्लोषात हरवू देत नाहीत.

‘तेहानू’मध्ये (१९९०) त्या पुन्हा तेनारकडेच, आता मध्यमवयीन विधवेकडे, वळल्या. मालिकेच्या उत्तरार्धाचे बीज या संथ खंडात होते. मधल्या खंडाचे मूल्य ठरविताना कथानक किती पुढे सरकले यापेक्षा व्यक्ती किती खोलवर उमगली, हा निकष अधिक न्याय्य होय.