मिश्रधातू एकच, आयुष्ये वेगळी

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात. चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो आणि हिंडत्याफिरत्या माणसाचा एक पाय वर्षाला साधारण दहा लाख वेळा जमिनीवर टेकतो. उबदार, खारट द्रवात राहून हा मार त्या दांड्याने वीस-पंचवीस वर्षे सोसायचा असतो. या कामासाठी जगभर वापरला जाणारा प्रमुख मिश्रधातू म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेले टायटॅनियम. १९५०च्या दशकात तो अमेरिकेत तयार झाला, विमानांसाठी. मात्र तो शरीरात किती टिकेल हे या टक्केवारीवरून कळत नाही. ते ठरते भट्टीत, घणाखाली आणि यंत्रावर.

टायटॅनियम आणि हाड यांची सोयरीक जुळवली स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची निरीक्षणनळी हाडाशी इतकी एकजीव झाली की ती सुटेना. १९६५ साली त्यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची दंतमुळे बसवली. धातूवर आपोआप धरणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर त्याला गंजू देत नाही. शिवाय त्याचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ निम्मा. हाडाचा मात्र १० ते ३०च. ताठ दांडा भार स्वतःवर घेतो आणि काम न उरलेले हाड झिजत जाते.

आता घडणीकडे वळू. सुमारे ९९५ अंश सेल्सिअसला या मिश्रधातूची अंतर्गत स्फटिकरचना बदलते. त्या मर्यादेच्या थोडे खाली तापवून फोर्जिंग केले, तर बारीक, गोलसर कण तयार होतात आणि वारंवारच्या भाराने तडा सुरू होणे लांबते. मर्यादा ओलांडून तापवलेला धातू सावकाश निवला, तर जाड, लांबट पट्ट्यांची रचना उरते. ती पसरत्या तड्याला अडवते, पण तडा सुरू होऊ न देण्यात कमी पडते. साखर आणि पाणी तेच असले तरी पाक एकतारी झाला की दोनतारी, यावर लाडवाचे भवितव्य ठरते, तसेच हे. म्हणूनच या मिश्रधातूचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ५८३२-३, रासायनिक प्रमाणांवर थांबत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालची कणरचनाही तपासायला लावते.

तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषते आणि पृष्ठभागावर ठिसूळ कवच धरते. ते आम्लाने किंवा यंत्राने पूर्ण काढावे लागते, नाहीतर पहिला तडा तिथूनच जातो. मशिनिंगही सोपे नाही. या धातूतून उष्णता लवकर वाहून जात नाही, ती हत्याराच्या टोकाशी साचते. धार बोथट झाली की पृष्ठभाग ओरबाडला जातो, आणि असा प्रत्येक ओरखडा उद्याच्या तड्याचे बीज असतो.

सर्वांत अवघड पेच सच्छिद्र पृष्ठभागाचा आहे. हाड आत वाढून धरावे म्हणून दांड्यावर टायटॅनियमचे बारीक मणी भाजून चिकटवतात. त्यासाठी लागणारे तापमान ९९५ अंशांच्या बरेच वर असते. कण जाड होतात, मण्यांच्या सांध्यांपाशी ताण एकवटतो आणि फोर्जिंगने कमावलेली ताकद मोठ्या प्रमाणात जाते. हाडाला जे हवे, ते धातूला मानवत नाही. म्हणून अनेक रचनांत हा लेप दांड्याच्या वरच्या भागापुरताच ठेवतात.

त्रिमितीय छपाईने जाळीदार रचना थेट घडवता येऊ लागली. पण लेझरखाली वितळलेली भुकटी इतक्या झटकन थिजते की कठीण, कमी लवचीक रचना आणि अंतर्गत ताण मागे राहतात. इलेक्ट्रॉन शलाकेच्या पद्धतीत भुकटी आधीच तापलेली असते, त्यामुळे हे ताण कमी राहतात. दोन्हीकडे आतली छिद्रे मिटवण्यासाठी उच्च दाबाखाली तापवण्याची प्रक्रिया उपयोगी पडते. नायोबियम आणि झिर्कोनियम घातलेले नवे मिश्रधातू ताठपणा ५५ ते ८० गिगापास्कलपर्यंत उतरवतात, पण त्यांच्याही गुणांची किल्ली रोलिंग आणि उष्णोपचारांतच असते.

आपल्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आहे. केरळात चवरा येथे २०११ पासून टायटॅनियम स्पंजही, म्हणजे या धातूचे कच्चे, सच्छिद्र रूपही, बनते. कच्चा माल आहे, गरज मोठी आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि किमतीची चर्चा घरोघरी पोहोचली. घडणीची चर्चाही तितकीच व्हायला हवी. इम्प्लांट खरेदी करताना रुग्णालयाने फोर्जिंगचे तापमान, उष्णोपचार, कणरचनेचा अहवाल आणि वारंवारच्या भाराखालची थकवा-चाचणी यांची नोंद मागितली पाहिजे. स्वस्त इम्प्लांट ही रुग्णाची खरी गरज आहे, पण दहा वर्षांनी तोच सांधा पुन्हा उघडावा लागला, तर ती स्वस्ताई त्याला सर्वांत महाग पडते.