शिरस्त्राण आणि स्वाराचा पोशाख

सकाळीं शाळेची घंटा होण्यापूर्वीं आमच्या फाटकाशीं उभें राहिलें असतां एक दृश्य रोज दृष्टीस पडतें. वडील स्कूटर चालवीत येतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, परंतु मागें बसलेल्या मुलाचें डोकें उघडेंच! पडण्याचा प्रसंग आल्यास रस्ता थोराचें डोकें व लहानाचें डोकें असा भेद करीत नाहीं. यास्तव दुचाकीवर बसणारानें आपला पोशाख कसा निवडावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिरस्त्राणाचें महत्त्व जगास पटण्यास एका प्रसिद्ध पुरुषाचा मृत्यु बरासा कारण झाला. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत नांव मिळविलेले टी. ई. लॉरेन्स हे १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत मोटारसायकलवरून जात असतां, सायकलवरील दोन मुलांस चुकवितांना पडले व सहा दिवसांनीं वारले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. त्यांना पाहावयास आलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. मोटारसायकलस्वारांच्या डोक्यास होणाऱ्या इजांचा त्यांनीं पुढें अभ्यास केला व १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें.

आतां शिरस्त्राण रक्षण करितें कसें, तें पाहूं. दीड मीटर उंचीवरून डोकें नुसतें जमिनीवर आपटलें, तरी त्या क्षणीं त्याचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर होतो. म्हणजे गाडी उभी असतांही धोका आहेच. ताशीं ४० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें हें सुमारें ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, पडण्यासारखेंच आहे. शिरस्त्राणाचें बाहेरील कवच कठीण असतें. तें आघात पसरवितें व टोंकदार वस्तु आंत शिरूं देत नाहीं. परंतु खरें काम करितो तो आंतील थर्माकोलसारखा थर. तो स्वतः चेपला जातो, आणि जें डोकें एरवीं कांहीं मिलिमीटरांत थांबलें असतें, तें दोन-तीन सेंटिमीटरांत थांबतें. थांबण्याचें अंतर वाढलें, कीं मेंदूवरील जोर त्या मानानें उतरतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा एकत्र विचार करून २००८ सालीं असा निष्कर्ष काढण्यांत आला, कीं शिरस्त्राणामुळें स्वाराच्या मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्के व डोक्यास इजा होण्याचा संभव सुमारें ६९ टक्के कमी होतो.

हा थर एकदां चेपला म्हणजे पूर्ववत् होत नाहीं. म्हणून मोठा आघात सोसलेलें शिरस्त्राण, बाहेरून कितीही चांगलें दिसो, टाकून द्यावें. आणि ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं असें जुनें विकत घेऊं नये. पेट्रोलनें तें पुसूं नये, कारण पेट्रोलानें तो थर विरघळतो. साबणाचें पाणी पुरे.

विकत घेतांना प्रथम भुंवयांच्या किंचित् वर फीत लावून डोक्याचा घेर मोजावा. शिरस्त्राण गालांस व कपाळास घट्ट बसावें, पण दुखूं नये. मान हालविली असतां तें डोक्याबरोबर फिरावें, डोक्यावर घसरूं नये. बंद बांधून मागून पुढें ढकललें असतां तें निघतां कामा नये. हनुवटीखालील बंद न बांधणें म्हणजे दार लावून कडी न घालणें होय. पूर्ण मुखाचें शिरस्त्राण जबड्याचेंही रक्षण करितें. काळी कांच रात्रीं वापरूं नये. आय्. एस्. ४१५१ हें भारतीय प्रमाण व आय्. एस्. आय्. ही खूण पाहिल्याखेरीज पैसे देऊं नयेत. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेलीं शिरस्त्राणें विकण्यास आपल्या देशांत कायद्यानें बंदी आहे. स्वाराप्रमाणेंच मागें बसणारासही शिरस्त्राण आवश्यक आहे, असें मोटार वाहन कायदा सांगतो.

डोक्यानंतर हातांचा विचार करावा. पडणारा मनुष्य सहजच हात पुढें करितो. म्हणून तळव्यास जाड चामडें असलेले हातमोजे घ्यावे. डांबरी रस्त्यावर घसरतांना पातळ सदरा क्षणांत फाटतो. जाड कापडाचें किंवा चामड्याचें, कोपर व खांद्यांस गाद्या असलेलें जाकीट कातडी वांचवितें. चपला घालून गाडी चालवूं नये. घोटे झांकणारे बूट बरे. पावसाळ्यांत फिक्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा रेनकोट घालावा. आमच्या भगिनींस विशेष विनंति अशी, कीं पदर किंवा ओढणी नीट खोंचून बसावें. तें वस्त्र चाकांत गुंतून क्षणांत घात होतो. मागील चाकास जाळी असावी ती याचसाठीं.

उकडतें, केस विस्कटतात, जवळच तर जावयाचें आहे, अशा सबबी आम्हीं नेहमीं ऐकतों. परंतु अपघात अंतर मोजून येत नाहीं. ज्या घरीं सर्वच गोष्टी एकदम घेण्याची ऐपत नाहीं, त्यांनीं प्रथम शिरस्त्राणें घ्यावीं, आणि तीं गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकासाठीं घ्यावीं.

विद्यार्थिमित्रहो, शरीर ही परमेश्वरानें आपणांपाशीं ठेविलेली ठेव आहे, व ती जपणें हें आपलें कर्तव्य आहे. उद्यां सकाळीं वडील गाडी सुरू करतील, तेव्हां नम्रपणें एवढेंच विचारा : “बाबा, माझें शिरस्त्राण कोठें आहे?” त्या एका प्रश्नानें फाटकावरील तें दृश्य पालटलें, तर आमच्या लेखणीचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.