तेलाचे वाटे आणि सिल्वासाचा धागा

दमणगंगेकाठच्या सिल्वासात तेलाची एकही विहीर नाही. तरीही तेल-निर्यातदार देशांची ओपेक ही संघटना व्हिएन्नात उत्पादनाचे वाटे ठरविते, तेव्हा त्याचे पडसाद तेथील कारखान्यांत उमटल्यावाचून राहात नाहीत. कारण सिल्वासाचा धागा पॉलिस्टरचा आहे, आणि पॉलिस्टरची वंशावळ नाफ्थ्यामार्गे खनिज तेलापर्यंत पोहोचते. करसवलतींच्या काळात या परिसरात धाग्याला कुरळेपणा व फुगीरपणा देणारे टेक्स्चरायझिंगचे कारखाने उभे राहिले. आज चढ्या भावाने घेतलेला कच्चा धागा तयार होऊन भिवंडी-सुरतेच्या मागांवर चढण्यापूर्वीच भाव उतरला, तर तोटा गोदामातच होतो. मोठा कारखानदार तो पचवितो. छोटा एक पाळी बंद करतो आणि तितक्या मजुरांची मजुरी थांबते. तेव्हा तेल स्वस्त की महाग, यापेक्षा ते स्थिर आहे की नाही, हाच येथे जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

भावाला स्थैर्य हवे, असे सांगतच १९६० साली बगदाद येथे पाच देशांनी ओपेक स्थापन केली. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. तेलाची मागणी चटकन घटत नाही, नवी विहीरही एका रात्रीत खणता येत नाही. म्हणून पुरवठ्यात किंचित तूट वा भर पडली तरी भाव भडकतो किंवा कोसळतो. वाटे ठरवून हे हेलकावे आवरता येतात. पण वाटेकरी इमानाने वागतील तर! १९८२ साली ठरलेले वाटे अनेकांनी मोडले आणि झीज सोसली ती सौदी अरेबियाने. त्याचे दैनिक उत्पादन कोटीच्या घरातून १९८५ मध्ये पंचवीस लाख पिंपांच्याही खाली आले. अखेर त्याने नळ मोकळे सोडले, तेव्हा १९८६ मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास उतरला. मार्च २०२० मध्ये रशियाशी बोलणी फिसकटली, त्यात करोनाची साथ. एप्रिलात रोज ९७ लाख पिंपांची कपात ठरूनही २० तारखेस अमेरिकेतील वायद्याचा भाव शून्याखाली गेला. विक्रेत्यांना हवे असते ते भावाच्या तळाचे स्थैर्य. छताची हमी त्यांनी कधीच दिलेली नाही. युक्रेन युद्धाने जग महागाईत होरपळत असता ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी रोज वीस लाख पिंपांची कपात ठरविली, ती काय ग्राहकाच्या कळवळ्याने?

मात्र सारे खापर परदेशांवर फोडून आमच्या राज्यकर्त्यांना सुटता येणार नाही. २०२० च्या मार्च व मे महिन्यांत, तेल मातीमोल झाले असता, केंद्राने पेट्रोलवरील अबकारी कर लिटरमागे १३ आणि डिझेलवरील १६ रुपयांनी वाढविला. ही वाढ नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये उतरविली खरी. पण तोवर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. स्वस्ताई तिजोरीत गेली, महागाई जनतेच्या वाट्यास आली.

त्याच स्वस्ताईत विशाखापट्टणम, मंगळूर व पाडूर येथील भूमिगत कोठारे भरून घेतली, हे शहाणपण झाले. त्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाच्या साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी. गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणणाऱ्या देशास ती अपुरीच आहे. आणि सिल्वासातील छोट्या कारखानदारास तर असे कोठारही नाही. त्याचे कर्ज गोदामातील मालाच्या किमतीवर बेतलेले. माल उतरला की कर्जाची मर्यादाही उतरते, आणि नेमका त्याच वेळी त्याच्या हातातील पैसा आटलेला असतो. भाव घसरणीच्या काळात ही मर्यादा काही महिने स्थिर ठेवण्याची सोय बँकांनी करावी, अशी आमची मागणी आहे. व्हिएन्नातील बैठक आपल्या हातात नाही. हे मात्र आहे.