तोंड बांधलं म्हणजे पोतं बंद झालं?

आमच्या घरी कपड्यांचे चिमटे दोरीवर कमी आणि फडताळात जास्त सापडतात. शेवेच्या पुड्याला एक, साबुदाण्याला एक, हरभऱ्याच्या डाळीला दोन. मध्यंतरी मुलीनं लातूरहून खास पिशव्यांसाठीचे क्लिप आणले. एक गोल दांडी आणि तिच्यावर दाबून बसणारी प्लास्टिकची पन्हळ. पिशवीचं तोंड दांडीला गुंडाळायचं, वरून पन्हळ दाबायची, 'कट्' आवाज आला की झालं. हवं तेव्हा काढा, पुन्हा लावा. शेजारच्या वहिनींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्येनं तुरीला भुंगं लागत न्हाईत का?"

शिरूर अनंतपाळसारख्या तूर-सोयाबीनच्या गावात क्लिप पाहून पहिला प्रश्न हाच यायचा. पण त्या एका प्रश्नात निम्मे गैरसमज दडलेले आहेत.

भुंगे लागतात. क्लिप लावला तरी लागतात, कारण बऱ्याचदा ते बाहेरून यायचे नसतातच, आधीच आत बसलेले असतात. कडधान्याचा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते आणि मळणीयंत्र, पोतं, टेम्पो, घर हा सगळा प्रवास दाण्याच्या पोटात बसून करते. घरी आल्यावर त्या भुंगेऱ्याची पुढची पिढी थेट दाण्यावर अंडी देते. दाण्याला चिकटलेला तो बारीक पांढरा ठिपका म्हणजे अंडं. उबदार हवेत महिनाभरात नवा भुंगेरा गोल खिडकी पाडून बाहेर पडतो आणि आपण म्हणतो, कुठून आले हे? आपणच आणले. त्याला अंडी घालायला अख्खा, गुळगुळीत सालीचा दाणा आवडतो. भरडून डाळ केली की त्याचा जाच बराच कमी होतो. निलंगा तालुक्यातल्या ज्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती डाळ करून ठेवण्याची आपल्याकडची रीत चवीसाठी तर आहेच, पण टिकवणीसाठीही आहे. तुरीला एरंडेल चोळायची पद्धतही अशीच शहाणपणाची. तेलाच्या थरामुळे अंडी नीट चिकटत नाहीत आणि चिकटली तरी त्यांना हवा मिळत नाही.

मग तोंड बंद करून काहीच साधत नाही का? साधतं, पण आतली हवा खरोखरच कोंडली गेली तर. हे तत्त्व आपल्याला परदेशातून शिकावं लागलं नाही. मराठवाड्यातल्या गावोगावी पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-पाचटाचं अस्तर, भरल्यावर तोंडावर माती लिंपायची. आतले दाणे आणि किडे श्वास घेऊन ऑक्सिजन संपवायचे, कार्बन डायऑक्साइड साठायचा आणि किडे तिथंच मरायचे. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. पेवातल्या वाईट हवेनं माणसं दगावलेली आहेत. 'अफवांचं पेव फुटलं' असं लिहिणाऱ्या आजच्या किती जणांनी ते फुटताना पाहिलं असेल कुणास ठाऊक.

हेच तत्त्व आता पोत्यात आलंय. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीनपदरी पोतं तयार केलं. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. या पोत्यात किडेच तो वापरून इतका खाली आणतात की त्यांचं खाणं थांबतं, अंडी घालणं थांबतं आणि शेवटी ते वाळून मरतात. औषध नाही, गोळी नाही. आणि आता गंमत बघा. या पोत्याचं तोंड बंद करायला क्लिप नसतो. तोंड पिळायचं, दुमडायचं आणि दोरीनं आवळायचं. एकेक पिशवी वेगळी. सुतळीला मागास समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नीट पीळ दिलेलं, दुमडून बांधलेलं तोंड बाजारातल्या कितीतरी क्लिपांपेक्षा जास्त घट्ट असतं. नुसतं गोळा करून रबर लावलं तर मात्र चुण्यांच्या मधोमध हवेला वाट राहते, आणि आपल्या मे महिन्यात ते रबर स्वतःच वितळून पुड्याला चिकटतं ते वेगळंच.

आता आपल्या नेहमीच्या पांढऱ्या कट्ट्याकडे या. "तोंड दाभणानं शिवलंय, कट्टा बंद आहे," असं आपण म्हणतो. पण तो कट्टा प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणकाम आहे. उजेडासमोर धरला तर भोकं दिसतात. त्याला वरून कितीही भारी क्लिप लावला तरी हवा, दमटपणा आणि किडे अंगातून आरपार जातात. ताटीच्या झोपडीला लोखंडी दार बसवावं तसं ते. क्लिप फक्त तोंड बंद करतो. पिशवी किती बंद आहे हे तिच्या अंगाच्या कापडावर ठरतं.

अखंड प्लास्टिकची पिशवी असली तरी सगळं प्लास्टिक सारखं नसतं. साधं पॉलिथिन पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवतं, पण ऑक्सिजन आणि वास यांना त्यामानानं सहज जाऊ देतं. यासाठी प्रयोगशाळा नको. येसूर पातळ पिशवीत भरा, तोंड हवं तसं आवळा, कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडा. चादरीसुद्धा येसराच्या वासाच्या झालेल्या असतील. तोंडातून काही निसटलेलं नसतं, वास पिशवीच्या अंगातूनच बाहेर आलेला असतो. तोच रस्ता उलट्या दिशेनं ऑक्सिजन वापरतो. म्हणून मसाला, चहा, कॉफी यांच्या पाकिटांना आतून चंदेरी पापुद्रा असतो. ते पाकीट फेकून माल पातळ पिशवीत ओतणं आणि मग तिला महागडा क्लिप लावणं हा उलटा व्यवहार आहे. क्लिप मूळ पाकिटालाच लावावा.

वेफर्सच्या पुड्यांबद्दलचा समज तर घरोघरी आहे, की क्लिप लावला की पुडा पहिल्यासारखा. पहिल्यासारखा तो कधीच होत नाही. कारखान्यात त्यात हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून तेल खवट होत नाही. पुडा फोडला त्या क्षणी तो गेला. क्लिपनं आत कोंडली जाते ती आपल्या स्वयंपाकघरातली हवा, ऑक्सिजन आणि दमटपणासकट. तरीही क्लिपचा उपयोग आहे, कारण वेफर्स आधी मऊ पडतात ते दमटपणामुळे आणि बाहेरचा नवा दमटपणा क्लिप रोखतो. तोंड बंद करण्याआधी पुडा दाबून आतली हवा काढली तर उपयोग आणखी वाढतो. कुरकुरीतपणा टिकेल, खवटपणा थोडा लांबेल, इतकंच.

बाजरीच्या पिठाच्या बाबतीत तर क्लिपकडून काहीच मागू नये. दळलं की दाण्यातलं तेल मोकळं होतं आणि पिठातलीच विकरं त्याला फोडू लागतात. चार-आठ दिवसांत पीठ कडू होतं ते आतल्या आत. त्यावर उपाय एकच, थोडं दळून आणणं, आणि तो आपल्या आज्यांना माहीत होता.

घट्टपणाबद्दलही घोळ आहे. स्प्रिंग जितकी कडक तितकं तोंड पक्कं, असं वाटतं. कपड्यांचा चिमटा घ्या. 1853 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या डेव्हिड स्मिथनं स्प्रिंगचा चिमटा काढला तो ओला सदरा दोरीवर धरायला, हवा कोंडायला नव्हे. तो बोटभर जागा जोरात दाबतो आणि दोन्ही कडेला पुडा उघडाच. पावाच्या पिशवीला लागणारी ती चपटी खाचेची टिकली 1952 मध्ये फ्लॉइड पॅक्स्टननं काढली. तीही तोंड गोळा करून धरते, सील करत नाही. दांडी-पन्हळवाल्या क्लिपचं वेगळेपण इथंच आहे. दाब कमी असला तरी तोंडाच्या पूर्ण रुंदीवर सारखा बसतो, आणि प्लास्टिक दांडीला वळसा घालत असल्यानं हवेला सरळ वाट मिळत नाही. मात्र क्लिप पिशवीपेक्षा रुंद हवा आणि तोंडाच्या घडीत पीठ-साखर अडकलेली नको. कणभर रवासुद्धा फट पाडतो. शंका असेल तर पिशवीत फुंकर मारून क्लिप लावा आणि बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे खरं सांगतात.

दुकानात करवतीचं पातं धरून मेणबत्तीवर पुडा चिकटवतात, ते सील चांगलं बसलं तर क्लिपपेक्षा पक्कं. पण उघडायला कापावं लागतं आणि दर वेळी पुडा दोन बोटं आखूड होतो.

आता सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. जितकं हवाबंद तितकं चांगलं. हे अर्धसत्य आहे आणि आपल्या तालुक्यात ते सोयाबीनच्या बियाण्यावर उठतं. सोयाबीन निघतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसात. वरून वाळल्यासारखं वाटतं, आत ओल असते. असं बी कुणी हौसेनं प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड पक्कं केलं तर ओल आतच अडकते. बी जिवंत असतं, श्वास घेतं, त्या श्वासातून पाणी आणि ऊब बाहेर टाकतं. पिशवी आतून घामेजते, बुरशी धरते आणि जूनमध्ये उगवण नाही. बियाणे प्रमाणीकरणाची मानकं इथं बोलकी आहेत. सोयाबीनच्या बियाण्यात साध्या पिशवीत 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. बाष्परोधक पिशवीत भरायचं असेल तर मर्यादा 7 टक्के. म्हणजे पिशवी जितकी बंद, बी तितकं जास्त वाळलेलं लागतं. आपली समजूत नेमकी उलटी असते, 'बंदच करायचंय, मग थोडं ओलं चालेल.' बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे. ओलावा एक टक्क्यानं उतरला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. पत्र्याखाली ठेवलेल्या घट्ट पिशवीपेक्षा सावलीतला, लाकडी फळीवरचा साधा बारदाना बियाण्याला मानवतो, तो म्हणूनच.

ओल तपासायला यंत्र नसेल तर कोरडं मीठ घ्या. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ बरणीच्या कडांना चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर, म्हणजे अजून ऊन हवं. दाताखाली 'कट्' फुटण्याची जुनी परीक्षा आहेच. बियाण्यासाठी मात्र शेवटचा शब्द उगवणचाचणीचा. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि निरोगी कोंब मोजायचे. प्रमाणित सोयाबीनला 70 तरी लागतात.

स्वयंपाकघरातही हेच लहान प्रमाणात घडतं. भाजलेले शेंगदाणे कोमट असतानाच पिशवीत भरून क्लिप लावला की आत दव धरतं. शेंगदाण्याला धरणाऱ्या बुरशीपैकी एक अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते भाजून पुरतं जात नाही. थंड होऊ द्या, मग बंद करा. कांदे, बटाटे, लसूण यांना तर मोकळी हवाच हवी.

एक समज धोक्याचा आहे, म्हणून तो न वगळता सांगतो. काही घरांत पोत्यात किडीची 'गोळी' टाकून तोंड गच्च आवळतात, तोंड बंद आहे तर वायू आतच राहील असं धरून. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी दमट हवेत फॉस्फिन सोडते. विणलेल्या कट्ट्यातून तो वायू सहज बाहेर पडतो आणि माणसं झोपतात त्या खोलीत पसरतो. तिचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रणवाल्यांपुरता मर्यादित ठेवलाय तो याचसाठी. कोणताही क्लिप, कोणतीही सुतळी इथं कामाची नाही.

राहिला टिकाऊपणा. क्लिप पिशवीच्या बाहेर राहतो, अन्नाला लागत नाही, त्यामुळे फार धुवावा लागत नाही. पण बिजागरीचे प्लास्टिक क्लिप उन्हानं ठिसूळ होऊन तुटतात आणि स्प्रिंगवाले चुलीजवळच्या वाफेनं गंजतात. दांडी-पन्हळीला बिजागरीच नाही, म्हणून ती बरीच वर्षं चालते. दांडी हरवली नाही तर. आमची एक हरवलीच आहे.

वहिनींनी तूर दोन उन्हं देऊन, एरंडेल चोळून पत्र्याच्या कोठीत भरली. क्लिप त्यांनी एकच ठेवून घेतला, येसराच्या पुड्याला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. येसूर बरणीत गेला होता.