तळ्याकाठी तंबूत मुक्काम करायचाय? जागा कुठली धरायची, कुठली सोडायची ते आधी पाहा

गिरड (ता. समुद्रपूर) : थंडी पडली की नागपूर, हिंगणघाट, वर्ध्याकडची पोरं गाडीच्या मागे तंबू बांधून आपल्या भागात दिसायला लागतात. टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात माथा टेकवायचा, संध्याकाळी जंगलाकडचं एखादं तळं गाठायचं आणि काठावर तंबू ठोकायचा. आता आपल्या गावातले पोट्टेही मोबाईलवर असे व्हिडिओ पाहून तळ्यावर जाऊन राहायच्या गोष्टी करतात. ना विजेचा खांब, ना नळ, ना संडास. चूल, चांदणं आणि पाणी.

हौस वाईट नाही. पण मुक्काम कुठे करायचा, याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. म्हणून ही माहिती.

उघड्यावरचा मुक्काम आपल्याला नवा नाही

गिरडच्या टेकडीवर सुपारी-नारळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. पुढे त्यांनी माफी मागितली आणि ते बाबांच्याच सेवेत राहिले, असं सांगतात. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट जातीचे खनिज दगड. पण गावोगाव माल घेऊन फिरणारी माणसं या मुलुखात होती, ही गोष्ट त्या कथेतही आहे.

बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून चालायचे आणि पाणी पाहून थांबायचे. रात्री गोण्यांची भिंत रचायची, मध्ये माणसं, बाजूला जाळ आणि राखणीला कुत्री. आजही काठेवाडी गोपालक गुरं घेऊन आपल्या जिल्ह्यात फिरतात आणि उघड्यावर वाडा टाकतात. तूर, हरभऱ्याची जागल करणारा शेतकरी तर महिना महिना वावरातच झोपतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ते पाण्याच्या जवळ थांबतात, पाण्यावर झोपत नाहीत. आणि कोणीतरी एक जण जागा असतो.

काठ का सोडायचा?

दोन वर्षांपूर्वी तुरीच्या जागलीवर होतो. रात्री तळ्याच्या काठावर मोबाईलचा उजेड दिसला. जाऊन पाहतो तर शहरातली दोन पोरं, तंबू पाण्यापासून दहा पावलांवर आणि बाजूला उघडी भाजीची गंजी. त्यांना म्हटलं, बापू, तंबू काढा आणि माझ्या वावरात चला. थोडी कुरकुर केली, पण आले. सकाळी तिघं मिळून तळ्यावर गेलो. तंबू होता त्याच जागेवरून रोह्याचे खूर गेले होते, रानडुकरांनी चिखल उकरला होता आणि भाजी सांडली होती ती जागा साफ चाटून ठेवली होती. वाघाचा पंजा नव्हता. पण रानडुकरांचा कळप अंधारात तंबूवर आदळला असता, तरी पोरं सकाळी धड उठली नसती.

तळ्याचा काठ म्हणजे जंगलातल्या जनावरांचा रोजचा रस्ता. हिवाळा सरतो तसे लहान नाले आटतात आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. हरीण, रोही, डुक्कर जिथे येतात तिथे त्यांच्या मागावर वाघ-बिबटही येतो. गिरड आणि खुर्सापारच्या जंगलात वाघाचा वावर आहे, हे आपल्याला सांगायची गरज नाही. एका बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, दुसऱ्या बाजूला ताडोबा. वाघ हद्द पाहून चालत नाही. नागझिऱ्यातला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आला होता.

खरकट्याचंही तसंच. उरलेलं अन्न टाकलं की त्यावर कुत्री, डुकरं येतात आणि कुत्र्याच्या मागे बिबट येतो. मोहफुलाच्या दिवसांत अस्वलही फिरतं. तंबूचं कापड दवापासून वाचवतं, जनावरापासून नाही.

तळं आणि त्याभोवतीची जागा कोणाची?

'मोकळीच तर पडली आहे' म्हणून कोणतीही जागा आपली होत नाही. तळ्याभोवतीची जमीन वनविभागाची, जलसंपदा विभागाची, ग्रामपंचायतीची किंवा खाजगी असू शकते. मोबाईलवर महाभूलेख उघडून गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. आधी तो पाहा.

राखीव जंगलात विनापरवानगी शिरणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवाना लागतो. आपल्याच जिल्ह्यातलं बोर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथलं धरणाचं पाणी कितीही सुंदर दिसलं, तरी मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा, काठावर कुठेही नाही.

विदर्भातली आणखी एक गोष्ट म्हणजे झुडपी जंगल. कागदावर महसूलची आणि डोळ्याला पडीक दिसणारी ही जमीन वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच धरली. तेव्हा सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असा शब्द दिसला, तर तिथे तंबू आणि चूल मांडू नका. शंका असेल तर वनरक्षकाला विचारा.

लाल नाला, पोथरा यांसारख्या प्रकल्पांच्या बुडीत क्षेत्राजवळही आधी त्या विभागाला विचारलेलं बरं. पाणी वाढलं की काठ मागे सरकतो.

मग तंबू कुठे टाकायचा?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर. मालकाला विचारून, गोठा किंवा घर हाकेच्या अंतरावर असेल असं. तिथून तळं दिसलं म्हणजे झालं. पाण्यावर दिवसा जा, दिवस मावळायच्या आत परत या.

जागा निवडताना हे पाहा :

• पाण्यापासून किमान दोन-तीनशे पावलं लांब आणि जरा उंचावर.
• नाल्याच्या पात्रात नाही. वर पाऊस झाला की कोरडा नाला रात्रीतून भरतो.
• जनावरांच्या पायवाटेवर नाही. वाट मळलेली असेल, लेंड्या किंवा खूर दिसत असतील तर बाजूला व्हा.
• वाळलेल्या फांदीच्या किंवा एकट्या उंच झाडाखाली नाही.
• वावराला झटका मशीनचं कुंपण असेल, तर त्याची तार कुठून गेली ते मालकाकडून उजेडातच समजून घ्या.

रात्री एकट्याने लघवीला लांब जायचं नाही. बॅटरी लावून, बोलत, दोघांनी जायचं. संडासाला पाण्यापासून लांब, वीतभर खोल खड्डा करा आणि माती लोटा. ते तळं गुरांच्या पिण्याचं आहे.

चूल आणि जाळ

उघड्यावर रोडगे आणि वांग्याची भाजी झाली नाही तर मुक्काम कसला? करा, पण मालकाच्या वावरात, काडीकचरा झाडून काढलेल्या जागेवर. जंगलाच्या हद्दीत काडीसुद्धा ओढायची नाही.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. सागाची पानं गळून गुडघाभर पडलेली असतात. गोवरीतला एक निखारा वाऱ्याने उडाला तरी टेकडी पेटते. त्यात मोहफूल वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसांचं वर्षाचं पोट जळतं, आणि जनावरं गावाकडे पळतात. झोपायच्या आधी चुलीवर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. राखेत हात घालता आला म्हणजे चूल विझली.

वाघापेक्षा मण्याराची भीती जास्त धरा

जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार रात्री चावतो. बऱ्याचदा चावल्याचं कळत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. 'काल मटण जड गेलं' म्हणून बसून राहू नका. १०८ वर फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाचं औषध तिथे फुकट मिळतं आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर चालतं. चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ जातो आणि माणूस जातो.

म्हणून खालचं कापड शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या. चेन दिवसाही बंद ठेवा. सकाळी बूट झटकून घाला. तंबू नसेल तर बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

तळ्याचं पाणी प्यायचंच असेल, तर कापडातून गाळून चांगलं खळखळ उकळा. सोपं म्हणजे गावातूनच पाण्याची कॅन भरून न्या.

कोणत्या दिवसांत?

नोव्हेंबर ते जानेवारी हे बरे दिवस. मार्चनंतर पाणवठ्यावर जनावरं वाढतात आणि वणव्याचीही भीती असते. पावसाळ्यात साप आणि वीज. वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलं आहे. ते मोबाईलमध्ये ठेवा. ढग गडगडले की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा चारचाकीत बसा.

जंगलाकडे रेंज जाते. निघण्याआधी घरी आणि पोलीस पाटलाला सांगा : कोण कोण, कुठे, परत कधी. वनविभागाची मदत १९२६ वर, पोलिसांची ११२ वर.

शेतकऱ्याला यात काही आहे का?

आहे. पुण्याकडे पवना धरणाच्या भोवती लोक तंबूत मुक्कामाला येतात आणि त्यावर तिथल्या गावांतल्या कितीतरी घरांना काम मिळालं. आपल्याकडे तेवढी गर्दी येणार नाही आणि येऊही नये. पण जंगलालगत ज्याचं वावर आहे, तो दोन-चार तंबू, चुलीवरचं जेवण, एक साधा संडास आणि सौर दिवा एवढ्यावर सुरुवात करू शकतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. त्यात सातबारा जोडून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. २०२१ मध्ये कॅराव्हॅनचंही धोरण आलं, पण त्यात गाड्या थांबवायला वीज-पाण्याची सोय असलेल्या जागा लागतात. तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. बिनविजेचा तंबू आहे.

मात्र पाहुणा वावरात झोपला की त्याची रात्र आपल्या अंगावर असते. त्याला जेवू घालून आपण घरी जाऊन झोपलो, असं चालणार नाही. जागल करावी लागेल. ती तर आपण तुरीसाठी करतोच.